पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपल्याकडची म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली तो बहुधा शिमग्यातला एखादा बहुरूपी असावा. कारण राजाचा मुकुट, ऋषीच्या जटा आणि रावणाची दहा तोंडे ही सारी कागद, काथ्या आणि गेरू यांच्या बळावर घटकाभरात उभी करता येतात, परंतु खेळ आटोपल्यावर थाळी फिरवताना तिच्यात जे पडते ते मात्र खणखणीत वाजणारे असावे लागते, हा अनुभव त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४२ सालच्या मे महिन्यात आपल्या बकिंगहॅम राजवाड्यात वेषनृत्याचा जो प्रचंड समारंभ घडवून आणला, त्याची हकीकत वाचताना ही म्हण मला वारंवार आठवत राहिली. त्या रात्री एका राणीने पाचशे वर्षांपूर्वीच्या राणीचे सोंग घेतले, तिच्या पतीने राजाचे घेतले, दोन हजारांच्या आसपास उमराव, मुत्सद्दी व त्यांच्या स्त्रिया नाना काळांच्या व देशांच्या पेहरावांत सजून आल्या, आणि हा सारा खटाटोप लंडनच्या पूर्वेकडील एका वस्तीतील विणकरांच्या चुली पेटाव्यात म्हणून आहे, असे जगास सांगण्यात आले.

ती वस्ती म्हणजे स्पिटलफील्ड्स. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेला दिलेली धर्मस्वातंत्र्याची जुनी सनद रद्द केली, तेव्हा हजारो ह्यूगेनॉ कुटुंबे घरदार सोडून समुद्रापार आली, आणि त्यांतील रेशमाचे विणकर शहराच्या वेशीबाहेरच्या या भागात माग मांडून बसले. निर्वासित या अर्थाचा 'रेफ्युजी' हा शब्द इंग्रजी भाषेत रुळला तो याच लोकांबरोबर. अठराव्या शतकात त्यांच्या कसबाला इतकी बरकत आली की स्पिटलफील्ड्सचे फुलांचे किनखाब अटलांटिकपलीकडच्या वसाहतींतही मिरवले गेले. घराच्या अगदी वरच्या मजल्यावर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली खिडकी आणि तिच्या उजेडात लावलेला माग, ही या वस्तीची खूण होती. विणकर मागावर, त्याची बायको ताण्याचे धागे निवडीत बसलेली, पोरे कांड्या भरताहेत, आणि खिडकीशी टांगलेल्या पिंजऱ्यांत रानातून धरून आणलेले गाणारे पक्षी, असा तो संसार असे. या लोकांना फुलझाडांचा नाद होता आणि, नवल वाटेल, गणिताचाही! १७१७ साली या वस्तीत एक गणितमंडळ स्थापन झाले. कोणी सभासदाने गणिताचा प्रश्न विचारला तर ज्याला विचारला त्याने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे, न दिल्यास दोन पेनी दंड, असा तेथे शिरस्ता होता. दुर्बिणीच्या भिंगांत सुधारणा करून पुढे विख्यात झालेला जॉन डॉलंड हाही मूळचा येथलाच रेशमी विणकर.

परंतु या सुशील, पक्षिप्रेमी, गणितज्ञ विणकरांचा दुसराही एक अवतार होता, आणि त्याच्याशी आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, थेट संबंध येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची गलबते आपल्याकडची चिटे, छापील सुती कापडे आणि बंगालचे रेशीम इतक्या विपुलतेने विलायतेत उतरवू लागली, आणि तेथील स्त्रिया त्या रंगांवर अशा काही लुब्ध झाल्या, की मागावर बसलेल्या विणकराला आपल्या हातातला धोटा हिसकावला जात असल्याचा भास होऊ लागला. १६९७ साली त्यांनी कंपनीच्या कचेरीवर चाल केली. पार्लमेंटने १७०० साली कायदा करून हिंदुस्थान, इराण व चीन येथील विणलेले रेशीम आणि छापील सुती कापड इंग्लंडात वापरण्यास मनाई केली. तरी पांढरे कापड आणून तेथल्या तेथे छापण्याची पळवाट उरलीच. तेव्हा १७१९ च्या उन्हाळ्यात चवताळलेले विणकर जमावाने लंडनच्या रस्त्यांवर उतरले आणि चिटाचा झगा घातलेली स्त्री दिसली की तो अंगावरच फाडू लागले, त्यावर शाई फेकू लागले, प्रसंगी तेजाबही टाकू लागले. दोन वर्षांत आणखी कडक कायदा आला आणि सुती छापील वस्त्र अंगावर घालणे हाच गुन्हा ठरला. परक्याचे कापड न वापरण्याची शपथ घेणे ही एक गोष्ट आहे; ते दुसऱ्याने वापरू नये म्हणून त्याच्या अंगावर तेजाब ओतणे ही निराळी. दोहोंच्या मुळाशी पोटाची आगच असते हे खरे, पण म्हणून त्या एकच ठरत नाहीत.

कोणी काय ल्यावे हे ठरवून आपला धंदा राखण्याचा हा खटाटोप पुढे शतकभर नाना रूपांनी चालू राहिला. १७७३ साली कायद्यानेच विणकरांचा मेहनताना ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. मालकाने त्यापेक्षा कमी देऊ नये, विणकराने जास्त मागू नये. पन्नास वर्षे हा बंदोबस्त टिकला. १८२४ साली मुक्त व्यापाराच्या नव्या वाऱ्यात तो रद्द झाला, आणि दोन वर्षांनी शेकडा तीस जकात भरून फ्रेंच रेशीम आणण्यास मुभा मिळाली. लिऑनचे रेशीम दिसायला डौलदार. मँचेस्टर व मॅकल्सफील्डकडचे स्वस्त. या दोहोंच्या कैचीत स्पिटलफील्ड्सचा हातमाग सापडला. कारखानदार रेशीम देई, विणकर घरी विणून आणी, आणि पुढच्या ताण्याची वाट पाहत बसे. काम नसलेल्या या दिवसांना विणकरांच्या बोलीत एक शब्द होता, तो मला फार बोचतो. बेकार बसलेला विणकर 'मी खेळतो आहे' असे म्हणे. आठवडेच्या आठवडे खेळणाऱ्या घरात पोरांच्या पोटात काय पडत असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही.

१८४२ चे साल तर सगळ्या इंग्लंडलाच वैऱ्याचे गेले. कारखाने बंद पडत होते, भाकरी महाग होती; जानेवारीत काबूलहून माघारी निघालेली इंग्रजांची फौज खिंडीत गारद झाली होती; आणि पंतप्रधान पीलसाहेबांनी शांततेच्या काळात पहिल्यांदाच प्राप्तीवरील कर बसविण्याची तजवीज चालविली होती. अशा वेळी दरबाराने काटकसर करावी की खर्च वाढवावा, हा प्रश्न आज वाटतो तितका सोपा नव्हता. राणीने खर्च बंद केला तर रेशमाला गिऱ्हाईक कोण? तिने १८४० साली आपल्या लग्नाचा पांढरा साटिनचा झगा मुद्दाम स्पिटलफील्ड्सला विणून घेतला होता. त्याच विचाराचा हा पुढला, आणि फारच मोठा, टप्पा होता. निमंत्रणास किंमत नव्हती. पाहुण्याने द्यावयाची वर्गणी ती त्याच्या पोशाखाची. नवा, उंची, स्वदेशी रेशमाचा पोशाख शिवून घ्या, म्हणजे तुमच्या शिंप्याकडून पैसा दुकानदाराकडे, दुकानदाराकडून कारखानदाराकडे, आणि शेवटी झिरपत झिरपत विणकराच्या माडीवर जाऊन पोचेल, असा हा हिशेब. झिरपणाऱ्या पाण्याला वाटेत किती मुळे पितात, हे मात्र आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याने सांगितले असते.

विषय निवडला तो तिसऱ्या एडवर्डच्या दरबाराचा. राणीचा पती आल्बर्ट झाला एडवर्ड आणि राणी झाली एडवर्डची पत्नी, हेनोची फिलिपा. पोशाखांच्या अस्सलपणाची जबाबदारी जेम्स रॉबिन्सन प्लँशे या गृहस्थावर सोपविण्यात आली. हा मनुष्य मोठा विलक्षण. धंद्याने नाटककार, छंदाने पुराणवस्तूंचा अभ्यासक. १८२३ साली शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकाला त्याने थडग्यांवरील पुतळे व जुन्या मुद्रा पाहून ऐतिहासिक पेहराव चढविले होते, आणि १८३४ साली ब्रिटिश पोशाखांचा इतिहास लिहिला होता. या खेपेसही आधार घेतला तो वेस्टमिन्स्टर अॅबेमधील खुद्द एडवर्ड व फिलिपा यांच्या समाधींवरील मूर्तींचाच. बेल्जमचा राजा लिओपोल्ड हा राणीचा मामा. त्याला एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात ती या तयारीने अगदी भांबावून गेलेली दिसते. रेशमांचे नमुने, चित्रे, मुकुट यांचा सारखा मारा चालला आहे, आणि कपड्यांचा त्रास मुळीच न आवडणाऱ्या आपली त्यात त्रेधा उडाली आहे, असा त्या मजकुराचा आशय. २२ वर्षांच्या मुलीचा हा त्रागा वाचून मला तिच्याविषयी उगाच आपुलकी वाटते.

विषयाची निवड मात्र, कोणाच्या लक्षात आले असो वा नसो, कमालीची अन्वर्थक होती. हा तिसरा एडवर्ड म्हणजे इंग्लंडच्या विणकामाचा एक जुना पोशिंदा. त्याने १३३१ साली फ्लँडर्सच्या एका विणकराला अभयपत्र देऊन इंग्लंडात बोलाविले. १३३७ साली परदेशी कापड देशात आणण्यास व वापरण्यास बंदी केली, आणि त्या बंदीतून राजकुटुंबाला तेवढे वगळले. पुढे १३६३ साली तर कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणत्या मोलाचे वस्त्र ल्यावे, रेशीम कोणाला शोभते व कोणाला नाही, याचा तपशीलवार कायदाच केला. त्याची राणी फिलिपा फ्लँडर्सशेजारच्या हेनोची, आणि विणकरांना इंग्लंडात आणण्याचे श्रेय परंपरा तिलाही देते. पण गंमत पाहा. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात रेशमाचे ठाण विणण्याचे कसब नव्हतेच. खऱ्या फिलिपाच्या अंगावरचे रेशीम इटलीहून येई. म्हणजे खऱ्या राणीचा झगा परदेशी होता आणि पाचशे वर्षांनंतरच्या सोंगाचा झगा तेवढा अस्सल देशी!

१२ मेची ती रात्र. सिंहासनाच्या दालनाला मध्ययुगीन महालाचे रूप दिलेले. छत्राखाली एडवर्ड-फिलिपा बसलेली. आणि त्यांच्यासमोरून निरनिराळ्या देशकालांचे ताफे मुजरा करीत जाताहेत. केंब्रिजची डचेस ब्रिटनीच्या अ‍ॅनचे रूप घेऊन आपला ताफा पुढे आणते आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मुखवटे चढवून रात्र जागविण्याचे जे समारंभ होत आणि ज्यांच्यावर धर्मोपदेशक तुटून पडत, त्यांचा येथे मागमूस नव्हता. तोंडे उघडी होती, ओळख पक्की होती, आणि पाचपोच पाळून जो तो आपल्या पूर्वजांचे कपडे मिरवीत होता. मला यात त्या समारंभाचे सगळे मर्म दिसते. मुखवट्याच्या नृत्यात माणूस आपला दर्जा काही काळ विसरतो. या नृत्यात तो आपला दर्जा पाचशे वर्षे मागे नेऊन अधिक पक्का करून घेत होता. राणीच्या उरोभूषणातील रत्नेच ६०००० पौंडांची होती असे वर्तमानपत्रांनी छापले. पुढे लँडसीअर या चित्रकाराने, ज्याची हयात कुत्री, घोडे आणि हरणे रंगविण्यात गेली, राजा-राणीचे त्या वेषांतले चित्र काढले. ते पुरे व्हायला १८४६ साल उजाडले. प्लँशेने पोशाखांचे एक सचित्र पुस्तकही काढले. एकंदरीत दस्तऐवज उत्तम राहिला. मात्र त्या रेशमाचा वार न् वार ज्याच्या हातून सुटला त्या विणकराचे नाव या साऱ्या दप्तरात शोधून सापडत नाही.

आणि आता पंचांगातली एक गोष्ट. त्याच महिन्याच्या २ तारखेला मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट मजुरांनी आपला दुसरा अर्ज पार्लमेंटला सादर केला होता. त्यावर सह्या ३३ लाखांवर. त्या कागदाची गुंडाळी एवढी अगडबंब की सभागृहाच्या दारातून शिरेना, म्हणून चौकट उखडावी लागली. त्या अर्जातले एक कलम असे की राणीसाहेबांना त्यांच्या खासगीसाठी दररोज १६४ पौंड १७ शिलिंग १० पेन्स मिळतात, आणि हजारो मजूर कुटुंबांना माणशी दररोज पावणेचार पेनी. दुसऱ्या दिवशी २८७ विरुद्ध ४९ मतांनी हा अर्ज विचारात घेण्याचेही नाकारण्यात आले. त्यानंतर नऊ दिवसांनी राजवाड्यात तो नाच झाला. इतक्या नेटक्या क्रमाने घटना घडल्या की नाटककाराने त्या रचल्या असत्या तर टीकाकारांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. उपासमारीची बातमी आणि उरोभूषणाची बातमी वाचकाला एकाच आठवड्यात वाचायला मिळाली, आणि टीकाही झाली. तिची दरबाराला अगदीच जाणीव नव्हती असे म्हणवत नाही; कारण महिना सरण्यापूर्वी लंडनच्या एका नाट्यगृहात विणकरांच्या मदतीसाठी तिकीट लावून दुसरा नृत्यसमारंभ झाला, आणि राणी व आल्बर्ट तेथे जातीने हजर राहिली. राजवाड्यातल्या नाचाने काम द्यायचे होते; नाट्यगृहातल्या नाचाने रोकड.

या दोहोंतले अधिक बरे कोणते? विणकराला विचारले असते तर त्याने निःसंशय काम मागितले असते. शिधावाटपाच्या रांगेत उभे राहणे आणि ताणा चढवून मागावर बसणे यांत माणसाच्या मानेच्या ताठपणाचा फरक आहे. म्हणून राजवाड्यातल्या नाचाची थट्टा करणाऱ्यांत मी सहजासहजी सामील होत नाही. पण काम कोणते, हेही पाहिले पाहिजे. ज्याने येवल्याला पैठणीचा माग चालताना पाहिला आहे, खड्ड्यात पाय सोडून बसलेला कारागीर पदरावरच्या एका मोरासाठी किती इवल्याशा कांड्या एकीपुढे एक चालवतो आणि दिवस मावळेपर्यंत किती बोटे कापड पुढे सरकते हे ज्याने न्याहाळले आहे, त्याला सांगायला नको की किनखाब विणणारे हात कोणत्याही गावात थोडेच असतात. स्पिटलफील्ड्समध्येही बहुसंख्य विणकर साधे रेशीम, मखमल, रुमाल विणणारे. मध्ययुगीन वेलबुट्टीची मागणी आली ती त्यांतल्या निवडक मागांवर. आणि आली ती एकदाच. एडवर्डच्या दरबारातला झगा घालून पुढल्या महिन्यात चहाला थोडेच जाता येते? सोंगाचे कापड सोंगाबरोबर पेटीत गेले, आणि विणकर पुन्हा खेळू लागला.

येथे मला मुंबईतली एक रात्र आठवल्यावाचून राहत नाही, जरी ती पाहण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या दोन मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. गंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर, आणि पुढच्या खुर्चीला शंभर रुपये! नाटकाच्या कथेत श्रीमंताची लेक भामिनी गरीब वनमालेचे सोंग घेते, आणि प्रत्यक्षात एक पुरुष भामिनीचे. सोंगात सोंग, आणि थाळीत खरा पैसा. मराठी मुलखात मदतीचा प्रयोग लावण्याची रीत चांगली अंगवळणी पडलेली होती, आणि तिच्यात एक सरळपणा होता: नट सोंग घेई, प्रेक्षक तिकीट काढी, आणि पैसा हिशेबाने फंडात जाई. राणीच्या राजवाड्यातल्या त्या नाचात मात्र सोंग घेणारा, पाहणारा आणि पैसा देणारा हे तिन्ही एकच होते. दात्याने आपल्याच अंगावर दान चढवून घेतले होते. योगायोग असा की त्याच जुलैच्या ३१ तारखेला मुंबईत परळला विलायती कापडाची पहिली मोठी होळी पेटली, आणि कोणी काय ल्यावे हा प्रश्न, जो स्पिटलफील्ड्सच्या विणकराने दोनशे वर्षांपूर्वी तेजाबाच्या बाटलीने सोडवू पाहिला होता, तो उलट्या दिशेने येऊन मँचेस्टरच्या दारात उभा राहिला.

राणीने आपला प्रयोग सोडला नाही. ६ जून १८४५ रोजी पुन्हा राजवाड्यात वेषनृत्य झाले. या खेपेस काळ १७४० ते १७५० चा, म्हणजे स्पिटलफील्ड्सच्या भरभराटीचाच, केसांना पांढरी पूड लावण्याचा. त्याच वर्षी त्या वस्तीतले गणितमंडळ आपला ग्रंथसंग्रह घेऊन राजधानीतील खगोलशास्त्रसंस्थेत विलीन झाले. चार वर्षांनी हेन्री मेह्यू हा पत्रकार विणकरांच्या त्या उंच माड्यांवर चढून गेला, तेव्हा पक्ष्यांचे पिंजरे होते, माग होते, आणि त्यांच्याभोवती पडण्यापुरती जागा काढून माणसे राहत होती. १८६० साली फ्रान्सशी व्यापारी तह होऊन फ्रेंच रेशमावरची जकात साफ उठली, आणि धंद्याचे जे काय उरले होते तेही गेले.

पण त्याआधी, १८५१ च्या जूनमध्ये, तिसरे आणि अखेरचे वेषनृत्य झाले; दुसऱ्या चार्ल्सच्या दरबाराचे. राणीचा तो पोशाख आजही राजघराण्याच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे. त्याचा आराखडा एजेन लामी या फ्रेंच चित्रकाराने केला, आणि त्यातला जरतारी किनखाब विणला गेला होता बनारसला.